जुना फेंडर, दरवाजा, बोनेट घेताय? आधी गाडी मोजा, मग पत्रा

माझ्या 2012 च्या पांढऱ्या स्विफ्टला पुण्यात एका टेम्पोने ड्रायव्हर साईडने घासत नेलं. फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, चेपला, दरवाज्यावर ओरखडा, हेडलाईट नशिबाने वाचला. डेंटर म्हणाला हा पत्रा सरळ करत बसण्यात अर्थ नाही, जुना आणा, रंगासकट मिळाला तर पेंटचे पैसे पण वाचतील. मग काय, गाठला मुंबईतल्या कुर्ल्याचा सीएसटी रोड, जुन्या पार्टचा बाजार (हे सीएसटी म्हणजे स्टेशन नाही बरं का, सेंट्रल सालसेट ट्रामवे, कधीकाळी तिकडून रेल्वेलाईन जायची), तासभर फिरून एक पांढरा फेंडर घेतला, गोणपाटात गुंडाळला आणि एसटीने पुण्याला आणला, कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं ते वेगळंच.

आणि तो फेंडर बसेना! दरवाज्याला खालून घासतोय, हेडलाईटपाशी वरून बोट जाईल एवढी फट. दोन दिवस मी त्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी डेंटरने टेप लावून मोजलं तर कळलं की फेंडर एकदम बरोबर आहे, गाडीचाच ॲप्रन, म्हणजे आतला ज्यावर फेंडरचे बोल्ट बसतात तो पत्रा, सहा-सात एमएम आत गेलाय. म्हणजे खोट मालात नव्हतीच, माझ्या गाडीत होती आणि मी ती न बघताच बाजारात गेलो होतो. तेव्हापासून स्वतःसाठी आणि ओळखीच्यांसाठी मिळून बऱ्याच वेळा हा उद्योग केलाय, त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

बाजारात जायच्या आधी घरी

पहिल्यांदा कुठला पत्रा बोल्टचा आणि कुठला वेल्डिंगचा ते बघा. फेंडर, बोनेट, दरवाजे, डिकी, बंपर हे बोल्ट किंवा क्लिपवर असतात, खोलून दुसरे लावता येतात. मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनल, छप्पर, दरवाज्याखालची पट्टी हे बहुतेक गाड्यांत वेल्ड केलेले असतात, ते दुसऱ्या गाडीतून कापून आणावे लागतात आणि कापताना समोरच्याने कुठून कापलं यावर सगळं अवलंबून. माझं स्पष्ट मत, क्वार्टर पॅनल असा कापून आणू नका, डेंटर स्वतः सोबत येऊन कुठून कापायचं ते दाखवणार असेल तरच विचार करा.

मग गाडी मोजा. बोनेट उघडा, दोन्ही बाजूला फेंडरच्या बोल्टची ओळ दिसते. उजवीकडचा सगळ्यात मागचा बोल्ट ते डावीकडचा सगळ्यात पुढचा बोल्ट असा तिरका टेप लावा, मग उलट बाजूने तसाच. दोन्ही मापं जवळपास सारखी यायला हवीत, दोन-तीन एमएमचा फरक टेप धरण्यातच होतो, पण सात-आठ एमएम आला तर गाडीचा पुढचा भाग सरकलाय आणि आधी तो ओढून घ्यावा लागेल, नाहीतर तुम्ही शोरूममधून नवा फेंडर आणलात तरी बसणार नाही. तिरकं माप घेताना टेप इंजिनच्या पार्टवरून वाकत जात असेल तर ते माप फेकून द्या, टेप हवेत सरळ ताणलेला पाहिजे, दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरायला हवं.

त्यानंतर फटी बघा. धडक न बसलेल्या बाजूला फेंडर आणि दरवाज्यामधली फट किती आहे, वर, मधे आणि खाली. बहुतेक गाड्यांत ती साधारण 3 ते 5 एमएम असते. फूटपट्टीने हे नीट मोजता येत नाही, मी ड्रिलचे बिट वापरतो, 3, 4 आणि 5 एमएमचे, मागची गुळगुळीत बाजू फटीत सरकवायची, जो अलगद जातो ते माप (बिटला कागद गुंडाळा नाहीतर रंग ओरखडाल आणि मला शिव्या घालाल). चांगल्या बाजूची ही मापं वहीत लिहून फोटो काढा, हाच तुमचा नमुना.

ठोकलेल्या बाजूला दरवाजा उघडून बिजागऱ्या पण बघा. दरवाजा अर्धा उघडा, खालून धरून वर उचलायचा प्रयत्न करा. हलला तर बिजागरीची पिन गेलीय किंवा पिलरपाशी, म्हणजे बिजागऱ्या ज्यावर बसतात त्या खांबापाशी, काहीतरी सरकलंय, अशा वेळी फेंडर आणि दरवाज्यामधली फट कधीच सरळ येणार नाही.

शेवटी पुठ्ठा. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, गाडीच्या त्या जागेवर धरा, बोल्टची भोकं पेनने टोचून उतरवा, हेडलाईटची कड उतरवा, चाकाच्या कमानीचा आकार उतरवा. डावं-उजवं आणि वर-खाली लिहायला विसरू नका. तुमचा जुना पत्रा अगदीच चुरगळलेला नसेल तर पुठ्ठ्यापेक्षा तोच सोबत न्या, दोन पत्रे पाठीला पाठ लावून धरले की एका मिनिटात सगळं कळतं. पण लोक लाजतात, बाजारात चेपलेला फेंडर घेऊन कसं फिरायचं म्हणून. अहो त्या बाजारात सगळेच तेच घेऊन फिरत असतात.

गाडीची ओळख पक्की करा

स्विफ्टचा फेंडर पाहिजे असं म्हणून चालत नाही. भारतात स्विफ्ट आली 2005 ला, दुसरी 2011 ला, तिसरी 2018 ला, चौथी 2024 ला, आणि या चारही गाड्यांचे पत्रे एकमेकांना बसत नाहीत. वॅगनआरचं तेच, 1999, 2010 आणि 2019 च्या गाड्या वेगवेगळ्या. त्यात मधेच फेसलिफ्ट येतात, म्हणजे तीच गाडी चेहरा थोडा बदलून, त्यात बहुतेक वेळा बंपर आणि ग्रिल बदलतात, दरवाजे तेच राहतात, पण फेंडर आणि बोनेटचं काही खरं नाही, हेडलाईटचा आकार बदलला की ते पण बदलतात.

इथे एक गोची होते. गाडी रजिस्टर झाली जानेवारीत पण बनली असते आदल्या वर्षी सप्टेंबरात. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते बघा, पासिंगची तारीख नको.

आणि सगळ्यात भारी युक्ती जी फार कमी लोक वापरतात, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा, चेसिस नंबर द्या आणि त्या पत्र्याचा पार्ट नंबर आणि नव्याचा भाव विचारा. मग जमलं तर म्हणा की दोन वर्षं आधीच्या किंवा नंतरच्या मॉडेलचा नंबर काय आहे. दोन्ही नंबर एकच असतील तर तुम्हाला बाजारात शोधायला तेवढी वर्षं मोकळी झाली, नंबर वेगळे असतील तर कोणी कितीही शपथा घेतल्या तरी आधी लावून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. काउंटरवरचा माणूस कधी सांगतो कधी वैतागतो, दुपारी जा, सकाळी त्यांच्याकडे गर्दी असते.

नव्याचा भाव विचारायचं कारण असं की स्विफ्ट, आल्टो, वॅगनआर अशा गाड्यांचा नवा फेंडर कधीकधी इतका स्वस्त असतो की जुना घेण्यात काही राम नसतो. नवा पत्रा काळ्या प्रायमरमध्ये येतो, त्याला पेंट करावाच लागतो, पण जुना जर दुसऱ्या रंगाचा घेतला तर त्याला पण पेंट करावाच लागणार, उलट जुना रंग घासायची मजुरी वर. म्हणजे जुना घेण्यात फायदा दोनच वेळा: तुमच्याच रंगाचा चांगला मिळाला तर, किंवा पत्रा महाग असेल तर, जसं की पूर्ण दरवाजा काच-मशीनसकट, किंवा डिकी. आणि गाडीचा इन्शुरन्स क्लेम करणार असाल तर हे गणित अजून वेगळं, झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर 5 ते 10 वर्षं जुन्या गाडीच्या लोखंडी पार्टवर 40 टक्के कापतात, प्लास्टिकच्या बंपरवर 50, ते धरून मग ठरवा खिशातून जुना घालायचा की क्लेम करायचा.

रंगावरून आठवलं, पांढरा म्हणजे एकच पांढरा नसतो. मारुतीचा सुपिरियर व्हाइट वेगळा आणि पर्ल आर्क्टिक व्हाइट वेगळा, दुकानाच्या ट्यूबलाईटखाली दोन्ही सारखेच दिसतात, बाहेर उन्हात आणलं की एक दुधासारखा आणि एक चमकता. पत्रा कायम बाहेर उन्हात आणून बघा.

एका गाडीचं दुसरीला चालतं का? काही ठिकाणी नक्की चालतं. 2019 ला आलेली टोयोटा ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनोच, त्यामुळे त्या काळातल्या बलेनोचे दरवाजे, फेंडर तिला बसतात. 2022 नंतर दोघांचे बंपर वेगळे झाले. महिंद्राची व्हेरिटो म्हणजे आधीची लोगन. पण डिझायर आणि स्विफ्ट म्हणजे एकच असं सरसकट समजू नका, नाव सारखं म्हणून पत्रा सारखा नसतो.

दुकानात

डावं-उजवं बोलू नका. ड्रायव्हर साईड, क्लीनर साईड बोला. समोरून बघताना माणूस उलटं सांगतो आणि दुकानदार पण उलटं काढून देतो, मी स्वतः पाहिलंय एकाने सांगलीहून येऊन चुकीच्या बाजूचा दरवाजा नेला.

*फेंडर.* आधी तो जमिनीवर उभा करून मागून बघा, समोरून नाही. समोरून सगळे छान दिसतात. मागे हातोडीच्या खुणा, पत्र्यात लाटा, वेल्डिंगचे टिपके दिसले तर तो ठोकून सरळ केलेला आहे. मग मॅग्नेट. फ्रिजवरचा साधा मॅग्नेट खिशात ठेवा, पत्र्यावर फिरवा, जिथे ढिला पकडतो तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर असेल तर अजून उत्तम, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो, एकदा परत पेंट झालेला असेल तर 200-300 दाखवतो, आणि लांबी असेल तर 500 च्या वर, कधी हजाराच्या पण वर जातो. परत पेंट झालेला पत्रा वाईट नाही, लांबीचा वाईट, कारण लांबीखाली आकार मूळचा राहिलेला नसतो आणि आपल्याला तोच आकार विकत घ्यायचा आहे. काही महागड्या गाड्यांचे बोनेट ॲल्युमिनियमचे असतात, तिथे मॅग्नेट चिकटणारच नाही, घाबरू नका.

फेंडरची फिटिंग ठरते तीन जागी. एक, वरची बोल्टची पट्टी, जिच्यावर बोनेटची कड टेकते. ही पट्टी काढताना सब्बलने उचकटलेली असते, वरून बघा एका रेषेत आहे का, भोकं लांबट ओढली गेलीत का. कंपनीचं भोक पण जरा लांबट असतं, पत्रा पुढेमागे सरकवायला, पण त्याची कड स्वच्छ असते, फाटलेली नसते. दोन, पुढचं टोक जिथे बंपर आणि हेडलाईट येऊन मिळतात, तिथला छोटा कान वाकडा असतोच, तो हाताने सरळ होतो का बघा, तडा असेल तर सोडा. तीन, मागचा खालचा बोल्ट, दरवाज्याच्या खाली पट्टीपाशी. इथे चिखल साठतो आणि गंज इथेच धरतो. मुंबईच्या, रत्नागिरीच्या, गोव्याच्या गाड्यांमध्ये तर खाऱ्या हवेने हा कोपरा आधी जातो. नखाने टोचा, पापुद्रा निघाला की भाव निम्मा करा किंवा निघा.

आणि भोकं मोजा. साईड इंडिकेटरचं भोक! बऱ्याच गाड्यांत खालच्या व्हेरियंटला इंडिकेटर फेंडरवर आणि वरच्या व्हेरियंटला आरशात असतो. तुमच्या गाडीत फेंडरवर भोक नाही आणि आणलेल्यात आहे तर ते बुजवावं लागेल, म्हणजे वेल्डिंग, लांबी, पेंट, सगळं आलं. तसंच एलिट आय20 आणि आय20 ॲक्टिव्हसारख्या जोड्या, ॲक्टिव्हला चाकाच्या कमानीवर काळं प्लास्टिक, त्याच्या क्लिपची भोकं पत्र्यात.

पुठ्ठा लावा आता. भोकाला भोक आलं, कमानीची रेघ जुळली, हेडलाईटची कड जुळली, की फेंडर तुमचा.

*दरवाजा.* यात पैसा जास्त आणि फसवणूक पण. दरवाजा उभा करून त्याच्या कडेकडेने एक डोळा मिटून बघा, सुतार फळी बघतो तसं. तो सपाट नसतो, पण बाक एकसारखा हवा, मधेच पीळ दिसला तर दरवाजा पिळलाय, आणि पीळ निघत नाही. काचेच्या चौकटीचा वरचा मागचा कोपरा बघा, तिथे बाहेर वाकलेला असेल तर गाडीला लावल्यावर हायवेवर 80 च्या पुढे वारा शिट्टी मारणार.

मग दरवाज्याच्या आतलं लोखंडी बीम. आतलं प्लास्टिक काढायला लावा, भोकातून टॉर्च मारा, एक आडवा किंवा तिरका पाईप किंवा पट्टी दिसेल. ती वाकलेली असेल तर तो दरवाजा बाहेरून कितीही चकाचक असू दे, घेऊ नका, बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाला तेच वाचवतं. आपल्याकडे बाजूच्या धडकेच्या टेस्टचे नियम नव्या मॉडेलना ऑक्टोबर 2017 पासून आणि सगळ्या गाड्यांना ऑक्टोबर 2019 पासून लागू झाले, त्यामुळे जी गाडी या तारखांच्या आधी आणि नंतर पण बनत होती तिचा दरवाजा घेताना वर सांगितलेला पार्ट नंबर नक्की तपासा, बाहेरून आकार तोच असला तरी.

बिजागरीचे बोल्ट बघा, जपानी घराण्याच्या गाड्यांना बहुतेक 12 चा पाना लागतो. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तर दरवाजा याआधी पण एकदा निघालाय. वायरचा प्लग तुमच्या गाडीच्या प्लगचा फोटो काढून नेलाय ना? पिना मोजा. मॅन्युअल काच, पॉवर विंडो, आरसा वायरचा की दांडीचा, हँडलवर चावीशिवाय उघडायचं बटण, या सगळ्याने दरवाजा बदलतो. तुम्ही आतलं सामान तुमच्या जुन्या दरवाज्यातून काढून घालणार असाल तर निदान त्याची भोकं आणि कान तसेच आहेत का बघा. खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती बुजली असतील तर आतून गंजलेला असणार, खालची दुमड बोटाने दाबत जा, कुरकुर आवाज आला की कळलं.

*बोनेट.* उलटं करा. आतल्या चौकटीत कंपनीनेच मुद्दाम घड्या दिलेल्या असतात, धडकेत बोनेट तिथे दुमडावं म्हणजे काचेवर येऊ नये म्हणून. त्या घडीपाशी रंगाला बारीक तडे असतील तर ते एकदा दुमडून सरळ केलंय. बिजागरीच्या बोल्टच्या मधलं अंतर आणि लॉकच्या हुकापर्यंतचं अंतर मोजा, तिरकी दोन मापं घ्या. स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत बोनेटवर हवेची जाळी असलेलं आणि नसलेलं, दोन्ही फिरतात.

*बंपर.* प्लास्टिक आहे, वाकडा असला तरी गरम हवेने बराच जागेवर येतो, कान तुटलेले नकोत एवढंच, आणि फॉग लॅम्पची जागा. मागच्या बंपरला एक गोष्ट, 1 जुलै 2019 पासून रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या खालच्या व्हेरियंटच्या बंपरला सेन्सरची भोकं नसण्याची शक्यता जास्त, नंतरच्याला असणार.

पैसे देताना

बिल घ्या. साध्या कागदावर का होईना पण दुकानाचं नाव, तारीख, कुठल्या गाडीचा पार्ट ते लिहून. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि भाव फारच पडेल असेल, दुकानदार बिलाचं नाव काढताच चिडत असेल, तर पुढच्या दुकानात जा, कुर्ल्यात दुकानांना काय तोटा. काचेवर घासून पुसलेला नंबर दिसला तर हात पण लावू नका.

आणि तोंडी का होईना पण ठरवून घ्या: लावून बघतो, बसला नाही तर चार दिवसात परत आणतो, रंगाला हात लावणार नाही. बरेच जण याला हो म्हणतात, काही पैसे कापून घेतात. पेंट केल्यावर मात्र कोणीही परत घेत नाही.

ऑनलाईन बघून मागवत असाल तर समोरच्याकडून पाठीमागचे फोटो मागा, टेप लावलेला एक फोटो मागा, बोल्टच्या भोकांचे जवळून मागा. फक्त समोरून एकच चकचकीत फोटो पाठवतो आणि बाकीचं टाळतो, त्याला सोडून द्या. पॅकिंगसाठी कडांना थर्माकोल लावायला सांगा, फेंडरचं टोक ट्रान्सपोर्टमध्येच वाकतं.

लावताना

आधी कोरडं लावा. पेंट, रबर, क्लिप काही नाही, नुसता पत्रा आणि बोल्ट हाताने, अर्धे आवळलेले. एकापेक्षा जास्त पत्रे बदलत असाल तर मागून पुढे या: मागचा दरवाजा क्वार्टर पॅनलला जुळवा, कारण क्वार्टर हलत नाही, मग पुढचा दरवाजा मागच्याला, मग फेंडर दरवाज्याला, आणि सगळ्यात शेवटी बोनेट. उलटं पुढून सुरू केलं की सगळी चूक मागच्या दरवाज्यापाशी येऊन साठते आणि तिथे सरकवायला जागाच नसते.

वहीतली ड्रिल बिटची मापं काढा. बोल्टच्या भोकात दोन-तीन एमएम खेळ असतो, तेवढ्यात जुळलं पाहिजे. नाही जुळलं आणि डेंटर भोक मोठं करू का विचारत असेल तर नाही म्हणा, आधी पुन्हा तिरकं माप घ्या. बोनेट वर-खाली असेल तर कोपऱ्यातले रबरी गुटके फिरवून बसवता येतं. बोनेट बंद करून पुढून जोरात वर ओढा, लॉकचा पहिला आणि दुसरा दोन्ही खटके पकडतायत का बघा. दरवाज्याच्या रबराला कागदाची पट्टी लावून बंद करा आणि ओढा, चारी बाजूला थोडी अडकून निघाली पाहिजे, जिथे सुळकन निघेल तिथे पावसाळ्यात पाणी येणार.

एवढं झाल्यावर फोटो काढा, मगच खोला आणि पेंटला द्या. पेंटहून आल्यावर आतल्या दुमडीत गंजरोधक मेण मारून घ्या, आणि पहिल्यांदा गाडी धुवाल तेव्हा आत एकाला टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाईपने दरवाज्यावर पाणी सोडा. माझ्या वेळी बायको आत बसली होती, तिने आतून काच वाजवून सांगितलं, पाणी येतंय, पण तुझ्या नव्या दरवाज्यातून नाही, मागच्या जुन्यातून.